सर रडले तेव्हा

सुखाचा एक क्षण राजमती मगदूमने वीस वर्षं जिवापाड जपला होता. ताश्कंदचं ते सभागृह, खडूच्या पावडरीने पांढरे झालेले तळवे, डोक्यावर तोललेला लोखंडी बार आणि समोर एकापाठोपाठ एक लागलेले, वजन मान्य झाल्याचे तीन पांढरे दिवे. शिरोळ तालुक्यातल्या एका सूतगिरणी कामगाराची पंधरा वर्षांची पोर आशियातल्या सगळ्या पोरींच्या वर उभी होती. बार टाकून ती वळली तेव्हा कडेला खराडे सर तोंडावर टॉवेल धरून रडत होते. तो फोटो पेपरात छापून आला होता, "शिष्येच्या यशाने गुरूला अश्रू अनावर". पुढे वडील गेले, नंतर लग्न मोडलं. पायाखालची जमीन सरकली की राजमती डोळे मिटायची आणि त्या तीन दिव्यांपाशी जाऊन उभी राहायची. तेवढ्यावर तिचं निभावलं.

पस्तिसाव्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी यकृतावरची गाठ पडद्यावर दाखवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "लहानपणी हार्मोन किती वर्षं घेतलेत?"

"हार्मोन? डॉक्टर, मी जैनाघरची आहे. अंडंसुद्धा कधी तोंडात घातलं नाही."

बोलता बोलताच तिला तो डबा आठवला. "अंडी खात न्हाईस, मटण खात न्हाईस, मग ताकद कुठनं येणार, राजू?" असं म्हणत सरांनी तो घरी पाठवला होता. झाडपाल्याची पावडर, रोज संध्याकाळी एक चमचा, दुधातून. आई, त्रिशलाताई, स्वतःच्या हाताने ढवळून द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर बसून राहायची. चौदाव्या वर्षी राजमतीचा आवाज घोगरा झाला, पाळी थांबली, हनुवटीवर लव उगवली. सर म्हणाले, खेळाडूच्या अंगाला होतंच असं. पुढे मूल झालं नाही, तेव्हा सासू म्हणाली, हिचं अंगच पुरुषी. तिच्यासोबत सराव करणारी रेश्मा तिशीच्या आत बसस्टँडवर उभ्या उभ्या कोसळली आणि गेली. सगळे म्हणाले, नशीब.

गाठ काढली, राजमती वाचली. पण घरी आल्यावर तिने सवयीने डोळे मिटले तेव्हा ते तीन दिवे दिसले आणि त्यांच्याखाली औषध भरून फुगवलेलं एक लेकरू दिसलं. सगळं होतं तिथेच होतं, तोच बार, तोच टॉवेल. फक्त सुख गेलं होतं. जणू कुणीतरी मागच्या दाराने शिरून वीस वर्षांपूर्वीची चोरी आज केली होती.

त्याच महिन्यात उत्तमराव खराडे यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. राजमतीने क्रीडा न्यायाधिकरणात तक्रार गुदरली.

*

"तुमची बाजू खरी आहे, पण लंगडी आहे," तिची वकील फरहाना मुजावर म्हणाली. दोघी पुण्यात, न्यायाधिकरणाच्या आवारातल्या कँटीनमध्ये बसल्या होत्या. "डबे कधीच भंगारात गेले. गाठ त्यामुळेच झाली हे वीस वर्षांनी कोण सिद्ध करणार? आणि त्यांचं म्हणणं ऐका. पावडर देणाऱ्या कंपनीने मलाच फसवलं, आत काय होतं ते मलाही आत्ताच कळतंय."

"खोटं आहे ते, वकीलबाई."

"पुढचं ऐका, राजमतीताई. ते म्हणतात, ह्या पोरीला तेव्हा काहीही दुःख नव्हतं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख मी तिला दिलं. तिला आज वाईट वाटतंय ते कुणीतरी तिचे कान भरल्यावर. आणि हे सिद्ध करायला त्यांनी तुमची मूळभाव चाचणी मागितली आहे."

मूळभाव चाचणीचं नाव तोवर सर्वांच्या कानावरून गेलं होतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. दर वेळी आठवण काढली की मेंदू ती नव्याने लिहून ठेवतो, आणि लिहिताना आज जे ठाऊक आहे ते तिच्यात मिसळतो. नवरा नंतर फसवा निघाला की लग्नाच्या दिवसाचीही आठवण कडू होते. कडक मास्तरांनी घडवलं असं पुढे वाटलं की छडीचीही आठवण गोड होते. नवा शोध एवढाच होता की मूळचा भाव पुसला जात नाही. तो ज्या पेशींत पहिल्यांदा उमटला, त्या पेशींत तो खाली तसाच असतो. नंतरचा अर्थ दुसऱ्या जाळ्यात, त्याच्यावर चढलेला असतो. डोक्यावर एक टोप घालून ध्वनिलहरींनी वरचं जाळं काही मिनिटं गप्प करायचं आणि त्या वेळचे आवाज, वास देऊन खालचं जागं करायचं. माणूस तेव्हाचा होतो. तेव्हा वाटलं ते त्याला वाटतं, तेव्हाचं तोंडातून येतं, आणि यंत्र त्याचा आलेख काढतं. आलेखाशी लबाडी करता येत नाही.

"तुम्ही नाही म्हणू शकता," फरहाना म्हणाली. "पण नियम असा आहे, की जो पक्ष ही चाचणी मागतो त्याला स्वतःवर ती नाकारता येत नाही."

राजमतीने चहाचा कप खाली ठेवला. "मग मी हो म्हणते."

होकार आणि सरांच्या चाचणीची मागणी नोंदवून ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात खराडे सर भेटले. सत्तरी ओलांडली तरी खांदे ताठ होते. राजमतीला पाहून ते थांबले आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "राजू, पोरी, काय झालं गं हे? तुझ्यासाठी मी जीव टाकला. माझी चाचणी घ्यायची म्हणालीस म्हणं. घ्या की. मला कशाची भीती?"

तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शर्वरी टेंबे यांना तिने नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "होतं असं. वीस वर्षं सत्कारात, मुलाखतीत माणूस एकच गोष्ट सांगत राहतो. दर वेळी आठवण त्या गोष्टीच्या मापाची होत जाते. शेवटी तीच त्याला आठवते. तो खोटारडा राहत नाही. निर्दोष होतो, स्वतःपुरता."

आजवर राजमतीला वाटत होतं, ह्या माणसाचा पुरस्कार काढून घेतला, चार लोकांत मान खाली घालायला लावली, की झालं. आता तिला कळलं की तेवढं पुरणार नाही. तिचं सुख नासलं होतं आणि त्याचं पाप धुऊन निघालं होतं, आणि दोन्ही एकाच वाटेने झालं होतं. त्याला शिक्षा होऊन भागणार नव्हतं. आपण काय केलं ते त्याला माहीत व्हायला हवं होतं.

*

आधी तिची पाळी होती. खुर्ची, टोप, नाकाशी खडूच्या पावडरीचा आणि दुखऱ्या स्नायूंवर चोळायच्या मलमाचा वास, कानांत त्या सभागृहाचा जुन्या व्हिडिओतला गोंगाट. काचेपलीकडे न्यायाधिकरणाचे तीन सदस्य, दोन्हीकडचे वकील, खराडे सर आणि तिची आई.

मग काच नाहीशी झाली. तळव्यांत लोखंड गार लागलं. ती खाली बसली, उठली, आणि बार वर गेला जणू त्याला वजनच नव्हतं. पांढरा. पांढरा. पांढरा. छातीत असं काही फुटलं की ती मोठ्याने हसली. कुणावर राग नव्हता, कशाची शंका नव्हती. आईला फोन करायचा होता. सर रडत होते, आणि त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

टोप काढला तेव्हा तिचे गाल ओले होते आणि ती अजून हसत होती. खराड्यांचे वकील समाधानाने कागद आवरत होते.

टेंबे डॉक्टरांनी तिला आतल्या खोलीत नेलं. हातात पाण्याचा पेला आणि एक पिवळी गोळी. "आता तुमची आठवण ओल्या गिलाव्यासारखी आहे. काही तास तशीच राहील. ह्या वेळात जे मनात वर असेल, ते कायमचं वर बसेल. ही गोळी घेतलीत तर सगळं होतं तसं परत सुकेल. मूळ भाव खाली, नंतरचा वर. आम्ही हिला कुलूप म्हणतो."

"आणि नाही घेतली तर?"

"तर आज संध्याकाळपर्यंत शांत पडून राहा. आनंद वर राहील. पुढे कधीही आठवलंत की हाच आनंद आठवेल. बरेच लोक पैसे भरून त्यासाठीच येतात." त्यांनी दार लोटून घेतलं. "मी तुमच्या जागी असते तर घेतली नसती. एकदा बंद केलं की पुन्हा इतकं स्वच्छ मिळेलच असं नाही."

राजमती गोळीकडे बघत राहिली. छातीत अजून ते ऊन होतं. वीस वर्षं जिथे जाऊन उभी राहायची ती जागा परत मिळाली होती, आणि ती ठेवून घ्यायला काहीच करायचं नव्हतं. पण त्या उन्हात खराडे सरही होते. त्यांच्याबद्दल मनात माया दाटून आली होती. अशी माया घेऊन उद्या त्यांच्यासमोर उभं राहिलं तर आपल्याकडून काहीच होणार नाही, हे तिला स्पष्ट कळत होतं.

तिने गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी खराडे सर खुर्चीत बसले ते पाहुणे म्हणून स्टेजवर बसावं तसे. टोप घालताना तिथल्या मुलीला म्हणाले, "जपून हं, चार केस उरलेत." सगळे हसले.

गोंगाट सुरू झाला. वास सोडला. काही वेळ ते नुसतेच श्वास घेत राहिले. मग त्यांचे खांदे आत ओढले गेले, आणि ओठ हलायला लागले.

"टाक," ते पुटपुटले. "टाक पोरी. सोड बार."

आलेखावरची रेघ वर चढत होती, आणि ती आनंदाच्या रकान्यात नव्हती.

"देवा, पडू दे तिच्या हातनं. दुसरी येऊ दे. चौथी येऊ दे."

"का पडू दे, सर?" टेंबे डॉक्टरांनी हळू विचारलं.

"पहिली आली की लघवी तपासत्यात. औषध बंद करायला आठवडा उशीर झालाय. गावली तर मी संपलो." त्यांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. "पांढरा... पांढरा... आई गं, तिसरापण पांढरा. मेलो मी." आणि हातात नसलेला टॉवेल तोंडाशी धरून ते हुंदके देऊ लागले.

राजमतीने ते हुंदके ओळखले. वीस वर्षांपूर्वी ऐकले होते तेच. तेव्हाच्या तपासणीत काहीच सापडलं नव्हतं, आणि मग ह्या माणसाने त्या रडण्याला आनंदाचं नाव देऊन टाकलं होतं.

टोप काढल्यावर ते कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले. चेहरा दोरी कापल्यासारखा खाली आला होता. "हे मी बोललो?" त्यांनी विचारलं. मग घाईने, "डॉक्टर, ती गोळी. ती द्या आधी."

पण गोळीने गुंगी येते, आणि गुंगीतली साक्ष धरली जात नाही. म्हणून उलटतपासणी आधी, गोळी नंतर, असा नियम होता. राजमतीला तो पाठ होता. सगळे शेजारच्या सुनावणीच्या खोलीत जमल्यावर तिने अध्यक्षांकडे प्रश्न स्वतः विचारायची परवानगी मागितली. ती मिळाली.

"पावडरीत काय असतं ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, सर?"

"...होतं."

फरहानाने मान हलवली. खटला तिथेच संपला होता. पण राजमती बसली नाही.

ती विचारत राहिली. डबा पहिल्यांदा कुठून आणला. कुणाकुणाला दिला. त्या पोरींची नावं सांगा. रेश्माचं नाव घ्या, सर, ते राहिलं. रेश्माच्या मातीला आला होतात, तिच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणालात? ते आठवून, मान खाली घालून उत्तर देत होते. एक आठवण दुसरीला ओढून बाहेर काढत होती. गिलावा ओला होता आणि राजमती एकेक प्रश्न त्यात अंगठ्याने दाबून बसवत होती. खराड्यांच्या वकिलांनी हरकत घेतली. अध्यक्ष म्हणाले, तक्रारदाराचा हक्क आहे. त्यांनी जेवणाची सुट्टी हवी का विचारलं. राजमती म्हणाली, मला नको. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं.

"बस करा," फरहाना कुजबुजली. "जिंकलोय आपण."

"राजू," खराडे म्हणाले. आवाज राहिला नव्हता. "पाया पडतो तुझ्या. गोळी घेऊ दे. हे असंच राहिलं तर मी जगू कसा?"

"थोडंच राहिलंय, सर," राजमती अदबीने म्हणाली. तिला फार बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. टेंबे डॉक्टर दाराशी अस्वस्थ उभ्या होत्या. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग नाहीच पाहिलं. गोळीची वेळ टळून गेली होती हे राजमतीला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आता थांबायला हरकत नव्हती. पण जिभेवर आणखी एक प्रश्न होता, आणि हात आखडता घ्यायची तिची सवय त्या दिवशी सुटली होती.

"आणखी कुणाला माहीत होतं?"

खराड्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. तिच्याकडे नाही, तिच्या मागे, शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"तुझ्या आईला."

कुणीतरी खुर्ची सरकवली. खराडे बोलतच राहिले. आता त्यांना कुणी विचारायची गरज नव्हती. "तुझा आवाज फुटला तवा त्या माझ्याकडं आल्या, डबा घेऊन. म्हणाल्या, सर, ह्यात काहीतरी औषध आहे, पोरीची पाळी गेली. मी म्हटलं, नको तर बंद करा, पण मग स्पर्धा विसरा. डबा ठेवून गेल्या. आठवडा गेला असंल. परत आल्या, डबा न्यायला. मी काही बोललो न्हाई. त्याबी बोलल्या न्हाईत."

राजमती वळली. आई बाकावर तशीच बसली होती, पदर मुठीत धरून. ती नाही म्हणाली नाही. होही म्हणाली नाही. लेकीकडे अशी बघत होती, जणू उत्तर लेकीलाच ठाऊक असावं.

*

टेंबे डॉक्टरांनी लगेच सांगितलं की ते शेवटचं बोलणं टोपाखालचं नाही, आलेखात नाही. वेळ टळल्यावर डिवचलेला माणूस काहीही बोलू शकतो. न्यायाधिकरणाने ते नोंदलंही नाही. बाकी सगळं मात्र नोंदलं गेलं. पुरस्कार रद्द झाला, सरांच्या व्यायामशाळेला कुलूप लागलं, पोलिसांत वेगळा गुन्हा दाखल झाला. रेश्माचा बाप राजमतीच्या घरी येऊन नारळ ठेवून गेला.

खराडे जामिनावर घरी आले. त्यांच्या सुनेने कुणाला तरी सांगितलं, ते राजमतीच्या कानावर आलं: मामंजी बसल्या बसल्या एकदम टॉवेल तोंडावर धरतात आणि "टाक, टाक" म्हणत राहतात. दिवसातून कितीदा तरी. ऐकून राजमतीला समाधान वाटलं. त्याची तिला लाज वाटली नाही, पुढेही कधी वाटली नाही.

पण घरात मायलेकी एकमेकींना ओलांडून वावरू लागल्या. चहा झाला का, दिवा लावला का, इतकंच बोलणं. पुण्याहून परतताना गाडीत राजमतीने एकदाच विचारलं होतं, "खरं आहे का, आई?" आणि आई म्हणाली होती, "मला आठवत न्हाई."

मग एका सकाळी राजमती शाळेत निघाली, खेळाची शिक्षिका होती ती, तर आई दारात उभी. ठेवणीतली साडी, हातात पिशवी, पायात चपला.

"कुठे निघालीस?"

"पुण्याला. त्या बाईकडं घेऊन चल मला. माझीबी चाचणी करू दे."

"काही नको."

"का नको? मला वाटतंय, मला ठावं नव्हतं. रोज देवासमोर बसून आठवून बघते. दर बारीला तेच आठवतंय, की ठावं नव्हतं." आईने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "पण त्या माणसालाबी तसंच वाटत होतं न्हवं?"

अंगणात कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

"आई, तुला त्रास होईल."

"माझ्या त्रासाचं तू नको बघू. मी दुसरंच विचारते." आईने तिच्याकडे सरळ पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "त्याला गोळी घेऊ दिली न्हाईस तू. मी मागं बसून बघत होते. समद्यांना वाटलं, पोरगी प्रश्न विचारालीय. मला कळलं, तू काय करालीस ते. मला सांग, मी त्या खुर्चीत बसले, आणि तसलंच काही माझ्या तोंडातनं आलं, तर मला देशील का गोळी?"

हो म्हणणं सोपं होतं. राजमतीने तोंड उघडलंसुद्धा. मग तिला खिडकीतलं ते उतरत गेलेलं ऊन आठवलं, आणि आपल्याला किती बरं वाटत होतं ते आठवलं.

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच नको म्हणते."

आईने हळूहळू मान हलवली, जणू हिशेब पटला. पिशवी खाली ठेवली. पायांतल्या चपला काढल्या, लेकीच्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि आत गेली.